दुष्काळाचा शब्द आणि दुष्काळाचा अनुभव

१

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परभणीच्या पुढे पिंगळी हे लहानसे स्थानक लागते. या गावाच्या परिसरात दोन बांधकामे अशी आहेत की, त्यांच्यामध्ये सहा-सात शतकांचे अंतर असूनही ती एकाच प्रश्नाची दोन उत्तरे ठरतात. पहिले बांधकाम यादवकालीन धाटणीच्या बारवेचे. दुसरे, निजामाच्या राज्यात १८९९ ते १९०१ या वर्षांत टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचे. बारव माणसाला पायऱ्या-पायऱ्यांनी भूमीतल्या पाण्यापर्यंत उतरवते. रेल्वे दूरच्या मुलखातले धान्य गावाच्या शिवेपर्यंत आणते. पाऊस न आला तर काय करावयाचे, हा तो प्रश्न होय. हिंदुस्थानातील १८८० च्या दुष्काळ आयोगाने लोहमार्गांचा विस्तार हा दुष्काळनिवारणाचा एक प्रमुख उपाय म्हणून सुचविला होता. आणि ज्या वर्षांत गोदावरीच्या खोऱ्यातील हा मार्ग खुला होत होता त्याच वर्षांत, १८९९-१९०० साली, मराठवाड्यावर एक भीषण दुष्काळ कोसळला. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत ६,४५,७६५ भरली. ती दहा वर्षांपूर्वीच्या गणतीहून कमी होती.

दगड, लोखंड आणि आकडा अशी ही तीन साधने इतिहासकाराच्या हाती येतात. त्यांच्या जोडीला चौथे साधन शब्दांचे असावयास हवे. ज्यांनी दुष्काळ भोगला त्यांनी त्याविषयी काय म्हटले, हे मात्र फार थोडे उरलेले आहे. या उणिवेची कारणे सामान्यतः दोन सांगण्यात येतात. भोगणारे बहुधा निरक्षर होते, हे पहिले. आणि असे दुःख मुळात शब्दांत मावतच नाही, हे दुसरे. पहिले कारण उघड आहे. दुसऱ्याची मात्र बारकाईने तपासणी झाली पाहिजे. कारण भाषेची मर्यादा म्हणून जे सांगितले जाते त्यात दोन अगदी भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात. एक मर्यादा भाषेच्या स्वभावातच आहे. दुसरी माणसांनी घातलेली आहे. ती कायद्याने, कचेरीच्या परिभाषेने आणि सोयीच्या मौनाने निर्माण होते. या दोहोंतील भेद दाखवून देणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहू जाता मराठीत या आपत्तीला एकच नाव नाही, हे ध्यानात येते. सर्वांत रूढ शब्द ‘दुष्काळ’ हा होय. त्याची फोड सोपी आहे : दुस् अधिक काल, म्हणजे वाईट काळ. प्राकृतातील ‘दुक्काल’ या रूपावरून जुन्या मराठीत ‘दुकाळ’ आला, आणि बोलीत तो आजही ऐकू येतो. लेखनात रूढ झालेल्या ‘दुष्काळ’ या रूपात ‘ष्क’ हे जोडाक्षर संस्कृताने परत आणलेले आहे, तर शेवटचा ‘ळ’ मराठीने आपला राखलेला आहे. या शब्दात अन्नाचा, पाण्याचा किंवा पोटाचा कोठेही उल्लेख नाही. आपत्ती काळावर सोपविलेली आहे.

‘दुर्भिक्ष’ या शब्दाची दृष्टी निराळी आहे. ज्यात भिक्षा मिळणे दुर्घट होते ते दुर्भिक्ष. येथे आपत्तीचे मोजमाप भिक्षेकऱ्याच्या झोळीवरून केलेले आहे, कुणब्याच्या कणगीवरून नव्हे. ‘अवर्षण’ हा शब्द आभाळाकडे पाहतो आणि ‘टंचाई’ हा बाजाराकडे व कोठाराकडे. निजामी अंमलात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. तेव्हापासून परभणीच्या कचेरीतील कागदांत या आपत्तीला ‘कहत’ असे नाव होते. अर्ज, पंचनामा, सूट-तहकुबी यांची भाषा शेतकऱ्याच्या घरातील भाषेहून वेगळी राहिली. शेतात ‘दुष्काळ’ आणि दप्तरात ‘कहत’ असा हा दुहेरी व्यवहार १९४८ पर्यंत चालला. कचेरीतील ‘तकावी’ मात्र शेतकऱ्याच्या तोंडी ‘तगाई’ होऊन टिकली. कारण त्या शब्दाबरोबर बियाण्याचे आणि बैलाचे पैसे येत होते.

याच संदर्भात ‘अस्मानी-सुलतानी’ या जोडशब्दाचा विचार केला पाहिजे. फारसी ‘आस्मान’ आणि अरबी ‘सुलतान’ यांपासून झालेली ही जोडी महसुलाच्या व कराराच्या व्यवहारातून मराठीत आली. आभाळाने केलेले नुकसान आणि राजसत्तेने केलेले नुकसान, अशी ती विभागणी. दुष्काळ हा केवळ निसर्गाचा कोप नसतो, त्यात राज्यकर्त्याचाही वाटा असतो, हे ज्ञान मराठी रयतेने कोणत्याही अर्थशास्त्रीय ग्रंथाआधी एका समासात साठवून ठेवले होते, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

वरील नावे काळाची, झोळीची, आभाळाची, कोठाराची आणि दप्तराची आहेत. देहाचे त्यांत एकही नाही. देहाची बाजू सांगणारे शब्द शोधू लागले की एक विलक्षण गोष्ट आढळते. ‘भूक’ हा शब्द संस्कृत ‘बुभुक्षा’ या शब्दाचा वंशज आहे. बुभुक्षा म्हणजे खाण्याची इच्छा. ती इच्छा सुखवस्तू माणसाला रोज दोनदा होते आणि ती होणे हे आरोग्याचे लक्षण मानतात. तीन महिने पोटभर न मिळालेल्या मनुष्याच्या देहात जे घडते त्यालाही मराठीत भूकच म्हणतात. ‘उपास’ हा शब्द ‘उपवास’ या व्रतवाचक शब्दापासून आलेला आहे. त्यात संकल्प आहे आणि पारण्याची निश्चिती आहे. सक्तीच्या उपाशीपणासाठी भाषेने तोच शब्द घेतला, आणि पुढे ‘मार’ जोडून ‘उपासमार’ असा समास केला. परिणाम असा की, ज्याने एकादशी केली आहे त्याला उपासमार थोडीफार ठाऊक आहे असे वाटू लागते. शब्दाचे साम्य अनुभवाच्या साम्याचा आभास निर्माण करते. अरबीतून आलेला ‘फाका’ हा शब्द त्यातल्या त्यात नेमका म्हणावा लागेल. तो बहुधा अनेकवचनी योजतात : फाके पडले. चुकलेली जेवणे मोजता येतात, म्हणून तो शब्द मोजतो. देहात काय होते ते तोही सांगत नाही.

३

शब्द आणि वस्तू यांच्यातील अंतराची जाणीव भारतीय विचारात फार जुनी आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात शब्द आणि अर्थ यांच्यात नैसर्गिक संबंध आहे काय, याची चर्चा आली आहे. तसा संबंध असता तर शब्द उच्चारताच मुखात त्या वस्तूचे कार्य घडले असते, असा आक्षेप तेथे घेतलेला आहे. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात याची उदाहरणे दिली ती अन्न, अग्नी आणि तलवार यांची. अन्न म्हटल्याने तोंड भरत नाही, अग्नी म्हटल्याने भाजत नाही, तलवार म्हटल्याने चिरले जात नाही. तेव्हा शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताचा आहे, असा नैयायिकांचा निष्कर्ष. उदाहरणांत अन्नाला पहिले स्थान मिळाले आहे, हे येथे सहज नोंदवावेसे वाटते.

पुढे पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात हाच मुद्दा अधिक सूक्ष्मतेने मांडला. प्रत्यक्ष अग्नीने पोळलेल्या मनुष्याला दाहाचे जे ज्ञान होते ते, आणि ‘दाह’ हा शब्द ऐकून जे ज्ञान होते ते, ही दोन निरनिराळ्या प्रकारची ज्ञाने आहेत, असे तो म्हणतो. भर्तृहरी हा शब्दाला सर्व ज्ञानाचे अधिष्ठान मानणारा तत्त्वज्ञ. त्यानेच ही मर्यादा मान्य करावी याला विशेष महत्त्व आहे. शब्द खोटा आहे असा त्याचा अभिप्राय नाही. शब्दाने अर्थ कळतो, पण तो कळणे आणि भोगणे यांचा प्रकार वेगळा आहे, एवढेच त्याचे म्हणणे.

मराठीत या प्रश्नाला शास्त्रीय चर्चेबाहेर आणि अत्यंत भेदक असे उत्तर मिळाले ते १६३० ते १६३२ च्या दुष्काळात. या दुष्काळाने दख्खन आणि गुजरात उद्ध्वस्त केले. त्याची वर्णने फारसी बखरकारांनी आणि युरोपीय प्रवाशांनी विस्ताराने लिहून ठेवली आहेत. देहू येथील तुकाराम हे त्या आपत्तीचे मराठीतील साक्षीदार होत. आपल्या आयुष्याचा वृत्तान्त सांगणाऱ्या त्यांच्या अभंगात दुष्काळाने द्रव्य गेले, मान गेला आणि एक पत्नी अन्नासाठी आकांत करीत मेली, एवढेच काही शब्दांत येते. देहाचे वर्णन नाही, विशेषण नाही, उपमा नाही. उपमांची समृद्धी ज्यांच्या रचनेत पावलोपावली आढळते त्या कवीने येथे एकही उपमा योजलेली नाही. मरणाऱ्या स्त्रीच्या तोंडचा ‘अन्न’ हा शब्द त्यांनी दोनदा घातला आणि ते पुढच्या गोष्टीकडे वळले. द्विरुक्तीने मराठीत सातत्य किंवा अतिरेक दाखवितात. येथे ती मागणी कितीदा केली गेली ते सुचविते. अन्न हा शब्द उच्चारून तोंड भरत नाही, हे नैयायिकांचे विधान आणि ही द्विरुक्ती शेजारी ठेवली म्हणजे शास्त्रातील उदाहरणाला माणसाचा आवाज लाभतो.

१८७६-७८ च्या दुष्काळाच्या काळातील सावित्रीबाई फुले यांचे पत्र हे असेच दुसरे साधन. २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नरजवळच्या ओतूर येथून त्यांनी जोतीरावांना ते लिहिले. माणसांच्या आणि जनावरांच्या मरणाचे वर्णन त्यात आहे. परंतु पत्राचा ओघ वर्णनावर रेंगाळत नाही. सावकारांची पिळवणूक आणि सत्यशोधकांनी चालविलेले मदतकार्य यांकडे तो वळतो. जे सांगता येत नाही ते सांगण्याचा खटाटोप करण्याऐवजी, जे करता येईल ते लिहून काढण्याकडे लेखणीचा कल आहे. तुकारामांचा संक्षेप आणि सावित्रीबाईंची कार्यनोंद यांत एक समान सूत्र आहे. दोघांनीही वर्णनाचा मोह टाळला, आणि म्हणूनच त्यांचे शब्द साक्षीचे शब्द ठरले.

लोकभाषेनेही वर्णनाऐवजी मापनाचा मार्ग पत्करलेला दिसतो. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण सर्वश्रुत आहे. चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ घालण्यासाठी सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो. दुष्काळी वर्षात तो आला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत आणखी एक महिना काढावा लागतो. या म्हणीत भुकेचे वर्णन नाही, हिशेब आहे. बारा महिने कसे काढावयाचे हे ज्याने दिवस मोजून ठरविले आहे त्यालाच तेराव्याचे भय कळेल. ‘दुष्काळ’ या शब्दातील काळ येथे आपला मूळ अर्थ उघड करतो. पिंगळीसारख्या गावच्या बारवेतही हाच प्रकार आहे. पाणी किती उरले हे सांगावयास तेथे शब्द लागत नाही. उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजता येतात.

आणखी एक मौन येथे नोंदविले पाहिजे. मराठी स्त्रीच्या अनुभवाला सर्वांत मोठा वाव दिला तो जात्यावरच्या ओवीने. परभणी जिल्ह्यातीलच गंगाखेडच्या जनाबाईंपासून या दळण-कांडणाच्या गाण्याला साहित्यात प्रतिष्ठा आहे. आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी महाराष्ट्रातील सुमारे एक हजार गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. सासर-माहेर, भाऊ, लेक, पाऊस, पीक या सर्वांना त्या गाण्यात जागा आहे. परंतु ओवी गावयास जाते फिरले पाहिजे आणि जाते फिरावयास त्यात दाणा पडला पाहिजे. दुष्काळ ऐन भरात असतो तेव्हा दळण थांबते, आणि दळणाबरोबर ते गाणेही. ज्या वेळी सांगण्यासारखे सर्वांत अधिक असते, नेमकी त्याच वेळी सांगण्याची जागा नाहीशी होते. दुष्काळाची जी ओवी मिळेल ती दुष्काळ सरल्यावरची, आठवणीची ओवी असणार. भाषेच्या स्वभावात असलेल्या मर्यादेचे इतके ठोस आणि घरगुती उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

४

आता दुसऱ्या प्रकारच्या मर्यादेकडे वळावयाचे. १८८० च्या आयोगानंतर १८८३ साली ब्रिटिश सरकारने दुष्काळ-संहितेचा नमुना तयार केला आणि त्यावरून निरनिराळ्या प्रांतांच्या संहिता सिद्ध झाल्या. जवळ येऊ पाहणारी टंचाई, टंचाई आणि दुष्काळ अशा पायऱ्या त्यात कल्पिलेल्या होत्या. दुष्काळ जाहीर झाला की सरकारवर काही कर्तव्ये आपोआप येत : कामे काढणे, मजुरी देणे, अशक्तांना फुकट अन्न देणे. अर्थातच जाहीर करण्याचा तो शब्द खर्चाचा शब्द होता.

म्हणून त्या शब्दाच्या उच्चारापूर्वी खात्री करण्याची एक रीत होती, ती म्हणजे कसोटीची कामे. एखाद्या भागातून हाकाटी आली तर तेथे कमी मजुरीचे, कष्टाचे काम उघडावयाचे. लोक मोठ्या संख्येने आले तर दुष्काळ खरा, न आले तर खोटा. या रीतीत भाषाशास्त्राच्या दृष्टीने फार मोठा अर्थ आहे. रयतेने तोंडाने सांगितलेला ‘दुष्काळ’ हा शब्द पुरावा म्हणून ग्राह्य नव्हता. तिने तो आपला देह खडी फोडण्याच्या जागेवर नेऊन सिद्ध करावयाचा होता. शब्द अपुरा पडला असे येथे म्हणता येत नाही. शब्द पुरेसा होता. तो ऐकावयाचा नाही असे ठरविण्यात आले होते.

या धोरणाचे टोक बंगालमध्ये १९४३ साली दिसले. लाखो माणसे मरत असताना तेथील सरकारने दुष्काळ-संहिता लागू केली नाही आणि दुष्काळ जाहीर केला नाही. त्या वर्षी २२ ऑगस्ट रोजी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्राने, इयान स्टीफन्स संपादक असताना, रस्त्यावरच्या उपाशी माणसांची छायाचित्रे छापली आणि जगाला वस्तुस्थिती कळली. शब्दाहून चित्र श्रेष्ठ, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. वस्तुतः शब्दाची वाट अडविलेली होती, म्हणून चित्राला शब्दाचे काम करावे लागले.

महाराष्ट्रात याच प्रश्नाला एक चमत्कारिक वळण मिळाले. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानातून १९४८ साली भारतीय संघराज्यात, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६३ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकणे हा त्याचा विषय. राज्य सरकार शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष ठेवून असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजते. सबब दुष्काळाची अवस्था उद्भवण्यास वावच उरलेला नाही, असे त्यामागचे कारण देण्यात आले. ‘फॅमिन’च्या जागी ‘स्कर्सिटी’ आली.

या कायद्याची निव्वळ थट्टा करणे न्याय्य होणार नाही. परकीय सत्तेच्या काळातील मृत्यूंचा शब्द स्वराज्यात नको, ही भावना त्यात असू शकते. तथापि त्याची भाषिक बाजू तपासली तर त्यात एक मूलभूत गफलत आढळते. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नैसर्गिक नाही हे नैयायिकांनी दाखविले होते. शब्द पुसला की अर्थही पुसला जातो, असे मानणे म्हणजे तोच संबंध मागल्या दाराने आत घेणे होय. अन्न म्हटल्याने पोट भरत नसेल, तर ‘दुष्काळ’ न म्हटल्याने ते भरेल कसे? दुसरी गोष्ट अशी की, पुसला गेला तो इंग्रजी शब्द. मराठीतील ‘दुष्काळ’ या शब्दाच्या कक्षेत ‘फॅमिन’ही येते आणि पावसाअभावी ओढवलेली ‘ड्रॉट’ही येते. कायद्याच्या पुस्तकात टंचाई आणि गावात दुष्काळ अशी दोन भाषांची फारकत पुन्हा एकदा झाली. ती पूर्वीच्या ‘कहत’ आणि ‘दुष्काळ’ या फारकतीहून फारशी वेगळी नव्हती. फरक एवढाच की, या वेळी राज्याची भाषा आणि रयतेची भाषा दोन्ही मराठीच म्हणवीत होत्या.

५

या कायद्याला दहा वर्षे होण्याच्या आत १९७२ साल उजाडले. पाऊस १९७० पासूनच तुटक होता. १९७२ साली तो जवळजवळ गेलाच. ज्या वर्षाच्या १८ मे रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याच वर्षी मराठवाड्याच्या शिवारात पेरलेले उगवले नाही. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. राज्यभर पाझर तलाव, रस्ते, नालाबांध आणि खडी फोडण्याची कामे काढण्यात आली. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोचली. धान्याच्या उत्पादनातील घट प्रचंड असूनही भूकबळींचे प्रमाण मर्यादित राहिले, असा निष्कर्ष ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे काढला.

मग शब्द पुसल्याने काय बिघडले, असा आक्षेप येथे संभवतो. तो गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. मदत पोचली ती कायद्यातील शब्दामुळे नव्हे, हे खरे. ती पोचली लोक कामाच्या जागी गेले म्हणून. मोर्चे निघाले, वृत्तपत्रांनी लिहिले, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले म्हणून. आणि या प्रत्येक ठिकाणी वापरला गेलेला शब्द ‘दुष्काळ’ हाच होता. पुस्तकातून गेलेला शब्द तोंडात शाबूत राहिला, म्हणून त्याने काम केले. त्या कामांना लोकांनी ‘टंचाईची कामे’ म्हटले नाही. ‘दुष्काळी कामे’ हेच नाव मराठीत रूढ झाले.

त्या दोन वर्षांनी मराठवाड्याच्या बोलीत घातलेली भर अभ्यासण्याजोगी आहे. ‘मस्टर’, ‘बंडिंग’, ‘गँग’ हे इंग्रजी शब्द निरक्षर स्त्री-पुरुषांच्या तोंडी बसले. शिधावाटपातून आलेली परदेशी तांबडी ज्वारी ‘मिलो’ या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि पोषणासाठी वाटलेल्या कोरड्या पिठाला ‘सुकडी’ हे नाव सर्वत्र झाले. या शब्दांची गंमत अशी की, कोशात त्यांचा अर्थ देणे अगदी सोपे आहे आणि तो अर्थ देऊन काहीच हाती लागत नाही. ज्याने मिलोची भाकरी खाल्ली आहे त्याला तो शब्द पुरतो. ज्याने खाल्ली नाही त्याच्यासाठी ते एका धान्याचे नाव आहे. भर्तृहरीने सांगितलेला पोळलेल्याचा आणि ऐकणाऱ्याचा भेद येथे एका गावच्या दोन पिढ्यांत विभागलेला आढळतो.

याहूनही लक्षणीय आहे ते त्या दुष्काळाचे नाव. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन बारा वर्षे चालला असे परंपरा सांगते तो दुष्काळ ‘दुर्गादेवीचा’. त्याला देवतेचे नाव मिळाले. बिदरच्या बादशाहीतील मंगळवेढ्याच्या कोठाराची दारे उपाशी लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांच्या कथेत दुष्काळ एका माणसाच्या नावाशी बांधला गेला. १९७२ च्या दुष्काळाला देवताही नाही आणि पुरुषही नाही; तो ‘बहात्तरचा दुष्काळ’ आहे. बोलण्यात तर पुढचा शब्दही गळतो आणि केवळ ‘बहात्तर’ उरते. संख्याविशेषणाचे विशेषनाम झाले. आपत्ती तीन वर्षांची असूनही नाव एकाच वर्षाचे राहिले. वर्णनाला शब्द अपुरे पडले तेव्हा भाषेने त्या अनुभवाकडे बोट दाखविले. बोट दाखविणे हे वर्णनाहून कमी असते, हे खरे. पण ज्याला दाखवावयाचे तो त्याच दिशेला उभा असेल तर ते पुरते.

६

कचेरीची भाषा मात्र यानंतरही मोजमापाच्या मार्गाने चालत राहिली. पिकाचा अंदाज सोळा आण्यांच्या मानाने करण्याची जुनी रीत म्हणजे ‘आणेवारी’. १९५७ साली दशमान नाणी आल्यावर कागदोपत्री ती ‘पैसेवारी’ झाली. शेतकऱ्याच्या तोंडी आणेवारीच राहिली. पन्नास पैशांखाली पीक उतरले तर टंचाई, अशी रूढ सीमारेषा. नजर, सुधारित आणि अंतिम असे तिचे तीन टप्पे आहेत. त्यांतील पहिल्याचे नाव तर उघडपणे डोळ्यांच्या अंदाजाचेच आहे. शेतकऱ्याची मोजणी आणि कचेरीची मोजणी यांतील भेद येथे पाहण्यासारखा आहे. तेरावा महिना मोजणारा स्वतःचे दिवस मोजत असतो. पैसेवारी लावणारा दुसऱ्याचे पीक मोजतो, आणि त्या आकड्यावर वसुली थांबणे न थांबणे अवलंबून असते.

अलीकडच्या काळात या परिभाषेत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ या शब्दप्रयोगाची भर पडली. ‘सदृश’ या पदाचे कार्य व्याकरणदृष्ट्या साधे आहे : ते साम्य सांगते आणि त्याच वेळी अभेद नाकारते. दुष्काळासारखा आहे, म्हणजे दुष्काळ नाही. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर हा प्रश्न आला, तेव्हा एकोणतीस हजारांहून अधिक गावांच्या बाबतीत त्या शब्दाच्या जागी ‘दुष्काळ’ असे वाचावे, अशी दुरुस्ती राज्य सरकारने मान्य केली. ऑक्टोबर २०१८ मध्येही प्रथम १८० तालुक्यांत दुष्काळसदृश परिस्थिती आणि नंतर १५१ तालुक्यांत दुष्काळ, अशा दोन पायऱ्यांनी घोषणा झाली. उपमेचा वाचक शब्द काढून टाकण्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागावे, यावरून शब्दाची किंमत कळते. तहानेल्या माणसाची तहान दोन्ही शब्दांत तेवढीच असते. वसुली, वीजबिल, चारा आणि मजुरी यांत मात्र अंतर पडते.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग याच महाराष्ट्राने शोधला, हेही सांगितले पाहिजे. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. त्याची रचना भाषेच्या दृष्टीने पाहिली तर तिचे वेगळेपण लक्षात येते. दुष्काळ आहे की टंचाई, हे अधिकाऱ्याने ठरवावे आणि मग काम निघावे, अशी अट त्यात नव्हती. ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने काम मागावे, आणि मागणीपासून पंधरा दिवसांत ते मिळावे किंवा भत्ता मिळावा, असे त्याचे तत्त्व होते. २००५ चा राष्ट्रीय कायदाही याच तत्त्वावर उभारण्यात आला. कसोटीच्या कामात ज्याच्या शब्दावर विश्वास नव्हता त्याच माणसाचे वाक्य येथे कायद्याचे पहिले पाऊल ठरले. भूक म्हणजे काय ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर उरली नाही. ‘काम द्या’ एवढे म्हणणे पुरेसे झाले. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या असतील. परंतु अनुभवाचे संपूर्ण वर्णन करता न येणारी भाषासुद्धा मागणीसाठी पुरेशी असते, हे या कायद्याने गृहीत धरले, आणि ते गृहीत बरोबर होते.

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, दुःख शब्दातीत आहे असे विधान करताना ते कोण करीत आहे हे पाहिले पाहिजे. भोगणाऱ्याने ते केले तर त्यात सत्य असते. तुकारामांचा संक्षेप आणि थांबलेल्या जात्याचे मौन ही त्याची प्रमाणे आहेत. ऐकणाऱ्याने ते केले तर पुष्कळदा ती न ऐकण्याची सबब असते. ज्या मर्यादेला उपाय नाही ती, आणि जी कायद्याच्या एका कलमाने आली व एका दुरुस्तीने जाऊ शकते ती, या दोहोंना एकच नाव देणे हा इतिहासाच्या अभ्यासातील मोठा दोष होईल.

यातून संशोधनाचे एक काम पुढे येते. बहात्तर साली वीस वर्षांची असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. पिंगळी, मिरखेल, पूर्णा, गंगाखेड या पट्ट्यातील अशा स्त्री-पुरुषांच्या तोंडचे दुष्काळी कामांवरील शब्द, त्यांचे उच्चार, त्यांची मापे आणि ते बोलताना जेथे थांबतात त्या जागा, यांची पद्धतशीर नोंद अजून करता येण्याजोगी आहे. ती करताना अर्थ देण्याची घाई न करता शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य जसेच्या तसे टिपावे. शब्दार्थ नंतरही लावता येतील. बोलणारी माणसे मात्र फार काळ थांबणार नाहीत.